पाच नावांसाठी देवास-धार

परत येऊन महिना झाला आणि अजून भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, मांडू पाहिलंत का. नाही पाहिलं. धारहून मांडू तासाभराच्या अंतरावर आहे, तिथले महाल पाहण्यासारखे आहेत, तिथली चिंच नारळाएवढी असते, हे सगळं मला धारमध्ये रोज कोणी ना कोणी सांगत होतं. आणि सांगणारा प्रत्येकजण माझा विषय बदलण्यासाठीच ते सांगत होता. त्यामुळे मांडूवर माझा राग आहे. ज्यांना मांडूचं वर्णन हवं असेल त्यांनी इथेच थांबावं.

आम्ही गेलो होतो फिट्सच्या कामासाठी. अपस्मार म्हणा. तिकडे मिरगी म्हणतात; खरं तर म्हणतच नाहीत. नाशकात आमचं एक लहानसं मंडळ आहे. ज्यांना फिट्स येतात ती माणसं आणि त्यांच्या घरचे महिन्यातून एकदा माझ्या जुन्या शाळेच्या वर्गात जमतात, औषधाचं बोलतात, थोडं रडतात, चहा पिऊन घरी जातात. हे मंडळ निघालं माझ्या धाकट्या बहिणीमुळे. वसूला सतराव्या वर्षापासून फिट्स येतात. आता ती एकोणचाळीस वर्षांची आहे, शिवणकाम शिकवते, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ शांत आहे. भाषणं मी करते. भाषणात वसूचा उल्लेख मी करत नसे, कारण घरचं उदाहरण दिलं की लोकांना कीव येते आणि मुद्दा बाजूला राहतो, असं माझं मत होतं. ते मत किती दिवस टिकलं ते पुढे येईलच.

काम असं होतं. इंदूरचे एक तरुण डॉक्टर महिन्याच्या शेवटच्या रविवारी धारला येऊन फिट्सचा दवाखाना चालवायला तयार होते. गरिबांच्या औषधासाठी थोडा निधी हवा होता, तो देवास आणि धारच्या मराठी मंडळींकडून जमवायचा. शिवाय त्यांची एक अट होती. दवाखान्याच्या दारावर धारमधल्या पाच माणसांची नावं असलेली पाटी लागली पाहिजे. आधी दुसऱ्या एका गावात त्यांनी बिननावाच्या खोलीत बसून पाहिलं होतं. लोक गल्लीच्या तोंडापर्यंत यायचे आणि माघारी जायचे. दारात गावातलं कोणी उभं आहे असं दिसल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं. पाच नावं म्हणजे काय मोठंसं, असंही वाटलं होतं.

धामनोद

जानेवारीची अखेर, १९८२. आग्रा रोडनं नर्मदा ओलांडली की धामनोद लागतं, आणि तिथे बस जेवायला थांबते. ट्रकांच्या रांगा, खाटा, आणि खाटांवर आडवी टाकलेली फळी, त्या फळीवर ताटं. रोटी माझ्या दोन्ही पंजांएवढी होती. मी अर्धी खाल्ली आणि मिरचीनं पाणावलेले डोळे पुसत बसले. वसूनं दोन खाल्ल्या, वर डाळ मागून घेतली आणि ढाबेवाल्याला विचारलं की डाळीला फोडणी कशाची. निघताना कळलं की टपावरचा आमचा पत्रकांचा गठ्ठा कांद्याच्या पोत्यांखाली गेला आहे. कंडक्टर म्हणाला, "फिकर नी करो बेनजी, कागद ही तो है." पाचशे पत्रकं मी स्वतः लिहून, स्वतः तपासून छापून घेतली होती. देवासला उतरवली तेव्हा त्यांना कांद्याचा वास येत होता, आणि फिट आल्यावर कांदा हुंगवू नये हे तिसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं.

देवास

देवासला आमचे यजमान होते अण्णासाहेब. त्यांचे आजोबा दरबारात होते, ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी त्यांनी पोहे आणि जिलबी एकाच ताटलीत समोर ठेवली, पोह्यांवर मूठभर शेव. नाशकात पोह्यांवर खोबरं घालतात आणि जिलबी लग्नात खातात, असं मी म्हणाले. ते म्हणाले, तुमच्याकडे लोक रोज सकाळी उदास का असतात ते आता कळलं. माणूस लाघवी होता, त्याचाच पुढे फार त्रास झाला.

देवासचं संस्थान फार पूर्वी दोन भावांत वाटलं गेलं, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन कचेऱ्या. संस्थानं विलीन होऊन तीस वर्षांवर झाली, राजे गेले, पण जुन्या मराठी घरांत पाती शिल्लक आहे. अण्णासाहेब थोरल्या पातीचे, म्हणून सभा त्यांच्या बाजूच्या सभागृहात. मग धाकट्या पातीच्या मंडळींनी कळवलं की एक सभा आमच्याकडेही व्हायला हवी. शिवाय कारखान्यांत नोकरीला आलेली मराठी माणसं कॉलनीत राहतात, ती दोन्हीकडे जात नाहीत, त्यांचं तिसरंच मंडळ. एका आजारावर एका गावात मी तीन भाषणं केली. तिन्हीकडे मला शाल मिळाली.

सभागृहावर कापडी फलक होता, 'आरोग्य जागृती'. मी अण्णासाहेबांना विचारलं, आजाराचं नाव कुठे आहे? ते म्हणाले, "ताई, आरोग्य लिहिलं की सगळे येतात न. मिरगी लिहिली तर मैदान खाली." आधी सत्कार, मग एका काकांनी दोन नाट्यपदं म्हटली, मग एका मुलीचा बारावीत पहिली आल्याबद्दल गौरव. माझ्या वाट्याला शेवटची वीस मिनिटं आली, तेव्हा मागच्या रांगा चपला शोधत होत्या.

फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही, हे मी करून दाखवते. त्यासाठी कोणीतरी आडवं पडावं लागतं. देवासमध्ये कोणी पडेना. खोटं खोटंसुद्धा नाही, कारण असं पडणं अशुभ. शेवटी अण्णासाहेबांच्या पत्नीनं बैठकीवरचा लोड आणून सतरंजीवर निजवला. मी लोडाला कुशीवर वळवला. लोड सगळीकडून सारखाच असतो, त्यामुळे मी काय केलं ते कोणालाच कळलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

सगळ्यात चीड आली ती देणगीदारांची यादी ऐकताना. तिकडे रीत अशी, की देणाऱ्याचं नाव ध्वनिक्षेपकावर वाचतात, आणि वाचलं नाही तर तो रुसतो. अण्णासाहेब कागद घेऊन उभे राहिले आणि वाचू लागले: एक हितचिंतक. एक हितचिंतक. एक हितचिंतक, थोरली पाती. एक हितचिंतक आणि परिवार. पूर्ण कागद तसाच. पैसे सगळ्यांनी दिले, सढळ हातानं दिले, पण फिट्सच्या कामात नाव आलं तर लोक म्हणतील ह्यांच्याच घरात कोणीतरी असणार. दुसऱ्या दिवशी धाकट्या पातीतही तेच. कॉलनीत एक इंजिनियर मला दारापर्यंत पोचवायला आले आणि सांगून गेले की आमच्याकडे असलं काही नाही हं. मी विचारलंही नव्हतं.

पत्रकांचंही तसंच. देवासची तरुण मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात. माझं पत्रक त्यांना वाचता येईना. एक कॉलेजची मुलगी एकेका जोडाक्षराशी थांबत होती आणि लाजत होती. मी चिडले. वसू तिच्याशेजारी जाऊन बसली, वसूनं वाचलं, मुलीनं हिंदीत लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत चार मुली लिहायला बसल्या होत्या. पुढे धारला वाटली ती हीच हातानं लिहिलेली हिंदी पत्रकं.

धार

इंदूरमार्गे धारला पोचलो तेव्हा मला वाटत होतं, देवासला झालं तेवढं पुरे. धारमध्ये सत्कार घेणार नाही असं मी आधीच कळवलं होतं. त्यांनी ऐकलं, सत्काराऐवजी औक्षण केलं.

यजमानीण माईसाहेब. सत्तरीच्या, सासरे दरबारी कारभारी होते, आणि बोलणं अजून त्याच काळातलं. दवाखान्यासाठी त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली द्यायचं त्यांनी पत्रानं कबूल केलं होतं. नावाचं मात्र पत्रात काही नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत मला तीन नावं मिळाली. एक निवृत्त मास्तर, एक कंपाउंडर, आणि दामूभिया शिंपी. दामूभियांच्या दुकानात मी तासभर समजावून सांगायच्या तयारीनं गेले, तर त्यांनी मापाच्या वहीचं पान फाडून त्यावर नाव लिहून दिलं आणि पुन्हा मशीनवर बसले. बाकी सगळे म्हणत होते, आधी माईसाहेबांचं येऊ द्या. माईसाहेब म्हणत होत्या, नातीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, पाटीवर आमचे नाव पाहून समोरची मंडळी काय समजतील? ह्यावर मी काहीही बोलले की त्या मांडूला गाडी सांगू का, असं विचारत.

त्या दोन दिवसांत सुगनबाई भेटली. सरदारपूरहून बसनं आलेली, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. तिची मुलगी फूली चौदा वर्षांची. दोन वर्षांपासून तिला फिट्स येतात. शाळा सोडवली, विहिरीवर जाऊ देत नाहीत, चुलीपाशी बसू देत नाहीत, पाहुणे आले की मागच्या खोलीत ठेवतात. इंदूरला न्यायचं तर पूर्ण दिवसाची मजुरी जाते आणि गावात शंभर प्रश्न येतात. धारला सगळेच बाजाराला येतात, कोणी विचारत नाही. ह्या बाईला पाटी, समिती, जागृती ह्यांतलं काही नको होतं, मुलीसाठी गोळ्या हव्या होत्या. दोन्ही दिवस ती सभेच्या तयारीत येऊन ओट्याच्या कडेला बसली, आणि जाताना एवढंच विचारलं, "बाईजी, दवाखानो कद खुलेगो?" मी दोन्ही दिवस म्हणाले, कधी उघडेल ते बघू. मला स्वतःची लाज वाटत होती.

रविवारी दुपारी माईसाहेबांच्या चौकात सभा झाली. बायका पुष्कळ होत्या. मला पूर्ण तास मिळाला, नाट्यपदं नव्हती, आणि मी चांगली बोलले. एवढं म्हणायला हरकत नाही, कारण पुढे मी काय केलं तेही मलाच सांगायचं आहे. मी म्हणाले की हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नाही, संसर्ग होत नाही, औषधानं बहुतेकांच्या फिट्स आटोक्यात राहतात, आणि आजारापेक्षा लपवण्यानं माणसाचं जास्त नुकसान होतं. लपवू नका, हे मी किती वेळा म्हणाले कोण जाणे. शेवटी माईसाहेबांनी चष्मा पुसला आणि नातीकडून पेन मागवलं. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

तेवढ्यात गरमागरम गराडूच्या बश्या आल्या. गराडू म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, वर तिखट मसाला आणि लिंबू, थंडीत धारला आलात तर जरूर खावेत. वसू एकीला बशी देत होती आणि मी तिच्याकडे पाहत होते, म्हणून मला आधी कळलं. बशी तिरकी झाली, तिची मान वळली आणि ती फरशीवर पडली.

मी जे करायचं ते केलं. बावीस वर्षं करते आहे. कुशीवर वळवलं, पदर गुंडाळून डोक्याखाली ठेवला, बांगड्या वर सारल्या, घड्याळ पाहिलं. कोणी कांदा घेऊन आलं, कोणी चप्पल घेऊन आलं, दोघींना मी ओरडून मागे सारलं. दोन मिनिटांत झटके थांबले, श्वास नीट झाला, वसूला झोप लागली. माईसाहेबांनी वाकून विचारलं, "काय झाले ह्यांना?"

आणि मी म्हणाले, "काही नाही, ऊन लागलं. प्रवासाची दगदग."

जानेवारीतलं ऊन. चौकातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर शाली होत्या.

मी ठरवून बोलले नाही. बसमध्ये, लग्नात, रेशनच्या रांगेत मी बावीस वर्षं हेच सांगत आले आहे. ऊन, पित्त, उपास, जागरण. तोंड आपोआप बोललं. चौकातल्या सगळ्यांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला. हो हो, ऊन फार झालंय, असं म्हणत कोणी लिंबाचं सरबत आणलं, कोणी पंखा आणला. सगळ्यांना खरं दिसलं होतं आणि सगळ्यांनी माझं खोटं आनंदानं उचलून धरलं. सुगनबाई तेवढी वसूच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत राहिली. तिनं घरी हे रोज पाहिलेलं.

माईसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, आपण तासभर आम्हांस सांगितलेत की लपवू नका. आपणच लपवणार, तर आम्ही कोणाच्या भरवशावर लिहावे?"

आठ दिवस मी देवास-धारच्या माणसांवर जो राग काढत होते तो सगळा एका वाक्यात माझ्या अंगावर आला. हितचिंतकांची यादी ऐकताना मी दात खात होते, आणि त्या यादीत पहिलं नाव माझंच हवं होतं. सुगनबाई शेवटच्या बससाठी उठली. त्या दिवशी तिनं दवाखान्याचं विचारलं नाही.

संध्याकाळी वसू जागी झाली. अंग दुखत होतं, जीभ चावली गेली होती. मी तिला सगळं सांगितलं, माईसाहेबांचं वाक्यसुद्धा. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "अक्का, मला सगळ्यात जास्त ऊन पावसाळ्यात लागलंय." आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

सकाळी उठले तर वसूचं अंथरूण रिकामं. धावत माईसाहेबांच्या बाजूला गेले तर ती त्यांच्या माजघरात चहा पीत बसलेली. तिनं त्यांना सांगून टाकलं होतं की काल ऊन नव्हतं, मला फिट आली होती, सतराव्या वर्षापासून येतात, औषधानं आता वर्षाला दोनतीनच येतात, पूर्वी आठवड्याला यायच्या. बहिणीनं खोटं सांगितलं ते माझ्यासाठी. माझं लग्न जमावं म्हणून सुरू केलं आणि मग सवय राहिली. मी दारात उभी राहून हे ऐकलं. लग्नाचं मी कधीच विसरले होते.

माईसाहेबांनी नातीलाच बोलावून विचारलं. नात म्हणाली, "आजी, लिहा ना. पूछेंगे तो मी सांगेन." माईसाहेबांनी सही केली, सासऱ्यांच्या हुद्द्यासकट, एवढी लांब की पाटीवर तिला दोन ओळी लागल्या. चार नावं झाली. पाचव्यासाठी मी पुन्हा दारोदार निघायच्या तयारीत होते, तर वसू म्हणाली, पाचवं माझं लिहा.

मी म्हणाले, तू धारची नाहीस. ती म्हणाली, होईन. दामूभियांचे डोळे अधू झालेत, त्यांच्या शिवणवर्गाला बाई हवी होती, ते तिनं त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. माईसाहेब मागची खोली देत होत्या. दिवसभर मी भांडले. पैशांचं काढलं, थंडीचं काढलं, भाषेचं काढलं, आणि शेवटी जे मनात होतं ते बोलले. फिट आली तर तुझ्याजवळ कोण असेल?

वसू म्हणाली, "काल तू काय केलंस ते चौकातल्या सगळ्या बायकांनी पाहिलं. तुझं भाषण त्यांना आठवणार नाही, पण कुशीवर कसं वळवतात ते आता त्यांना येतं. नाशकात ते फक्त तुला येतं."

दुसऱ्या दिवशी मी एकटी बसमध्ये बसले. धामनोदला जेवले की नाही ते आठवत नाही.

नाशिक

आमच्या शेजारी गोदूताई राहतात. परतल्याच्या संध्याकाळीच त्यांनी जिन्यात गाठलं आणि विचारलं, वसू कुठे? तोंडात तब्येतीचं काहीतरी आलं होतं, ते गिळलं. जिना चढणारी आणखी दोन माणसं थांबली होती. मी मोठ्यानं म्हणाले, "तिला फिट्स येतात. धारला फिट्सचा दवाखाना निघतोय, तिथे ती राहिली आहे."

गोदूताई म्हणाल्या, "ते माहीत आहे हो. तिथे जेवायचं काय करते, ते विचारतेय."

बावीस वर्षं ह्या बाईला मी पित्त आणि उपास सांगत होते. आणि ती बावीस वर्षं ऐकून घेत होती. मी घरात जाऊन दार लावून घेतलं, आणि रागावू कोणावर ते मला कळेना.

परवा वसूचं पत्र आलं. शेवटच्या रविवारी दवाखाना उघडला. डॉक्टर वेळेवर आले, पाटी थोडी तिरकी लागली आहे, दामूभिया सकाळपासून दारात स्टूल टाकून बसले होते. दहा वाजेपर्यंत कोणी आलं नाही. मग सरदारपूरच्या बसनं सुगनबाई आली, फूलीला घेऊन, पुढच्या दारानं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं दामूभियांकडून पाटीवरची नावं एकेक करून वाचून घेतली. पाचवं नाव आलं तेव्हा फूलीनं विचारलं, ये कौन? वसू म्हणाली, मी.

पुढे वसूनं लिहिलं आहे: "पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, थाने भी आवे? मी म्हटलं, हो, मलाही येते. मग ती आत येऊन माझ्या शेजारी बसली."